आंटी लिफ्ट थांबवतात

आमच्या बिल्डिंगला भूत लागलं ते गणपती होऊन गेल्यावर. आधी लागलं असतं तर विसर्जनाच्या हातासरशी त्याचाही निकाल लावता आला असता, असं पाचव्या माळ्यावरच्या काकू अजून हळहळून सांगतात.

चारकोपमधली आमची सोसायटी सात माळ्यांची आणि लिफ्ट एकच. संध्याकाळी माणसं कामावरून परतायला लागली की खाली रांग लागते. गेल्या वर्षी गणपतीनंतर असं व्हायला लागलं की सातच्या सुमाराला वर निघालेली लिफ्ट तिसऱ्या माळ्यावर आपोआप थांबायची. आतल्या कुणीच तीनचं बटण दाबलेलं नसायचं. दार उघडायचं, बाहेर कुणी नसायचं, पॅसेजमधला दिवा तेवढा जळत असायचा. मग दार बंद होऊन लिफ्ट वर निघायची. तिसऱ्या माळ्यावरच्या बटणातला दिवा फार पूर्वीच गेला होता, त्यामुळे ते बटणही मेलं आहे अशी सगळ्यांची समजूत होती. कंपनीचा माणूस आला, त्याने कसलं तरी कार्ड बदललं, आणि दुसऱ्या दिवशी लिफ्ट पुन्हा तिसऱ्यावर थांबली.

आता तिसरा माळाच का, हे कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती. तिथे आंटी राहायच्या आणि त्यांना जाऊन थोडेच महिने झाले होते. आंटी खाडीपलीकडच्या मनोरीच्या, तिथल्या जुन्या ख्रिस्ती घरातल्या. बोलणं मराठी, हात सढळ, आणि आवाज तळमजल्यावरून सातव्या माळ्यापर्यंत जाईल असा. त्यांना लिफ्टमधून उतरताच यायचं नाही. म्हणजे एक पाय बाहेर पडायचा, दुसरा दारात राहायचा, आणि गप्पा संपेपर्यंत तो तिथून हलायचा नाही. लिफ्ट टूं टूं ओरडायची, वरचे लोक दारं आपटायचे, खालचे लोक जिन्यातून हाका मारायचे. आंटी शांतपणे विचारायच्या, तुझ्या आईच्या डोळ्याचं काय झालं गं, आणि उत्तर नीट मिळाल्यावरच पाय काढायच्या. आम्ही सगळे त्यांच्यावर चिडायचो. मी तर जास्तच, कारण मला सहाव्यावर जायचं असायचं आणि हातात तपासायच्या वह्यांचं ओझं असायचं.

तेव्हा हे भूत कुणाचं, याबद्दल बिल्डिंगमध्ये दुमत नव्हतं. आंटी लिफ्ट थांबवतात, एवढंच. जिवंतपणी थांबवायच्या, आता मेल्यावर थांबवतात.

मी बोरिवलीच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. मुलांना दरवर्षी अंधश्रद्धेवर निबंध लिहायला लावते आणि ज्यांनी नुसतं गाइडमधलं उतरवलंय त्यांना फैलावर घेते. आमच्या बिल्डिंगमध्ये लिफ्टचं हे प्रकरण सुरू झालं तेव्हा मी सगळ्यांना भौतिकशास्त्र सुनावलं. त्यानंतर मी जिन्याने जायला लागले. गुडघ्यांना चढ चांगला असतो, असं मी सांगत होते. भित्यापाठी ब्रह्मराक्षस असं म्हणतात, पण माझ्या बाबतीत तो बिचारा पाठी होता की पुढे, हे पाहायला मी थांबतच नव्हते.

बाकीच्यांनी आपापल्या परीने बंदोबस्त केला. काकूंनी लिफ्टमध्ये लिंबू-मिरची बांधली. दुसऱ्या माळ्यावरच्या गुजराती कुटुंबाने आपल्या देवीचा फोटो चिकटवला. मग कुणी हनुमान लावला, कुणी साईबाबा. शेवटी कुणीतरी असा मुद्दा काढला की आंटी ख्रिस्ती होत्या, त्या आपल्या देवांना ओळखणार कशा, म्हणून एक छोटा क्रूसही लागला. महिन्याभरात लिफ्टमध्ये देवांना जागा जास्त आणि माणसांना कमी, अशी परिस्थिती झाली. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मतदान घेण्यात आलं: भूत आहे, भूत नाही, हा मेंटेनन्सचा प्रश्न आहे. सगळ्यात जास्त मतं पहिल्याला पडली. ते मतदान घाईघाईने पुसून टाकावं लागलं, कारण आंटींचे मिस्टर, आमचे अंकल, त्याच ग्रुपवर होते. मग अंकलना वगळून एक नवा ग्रुप काढण्यात आला.

अंकलबद्दल सांगायला हवं. उंच, ताठ, कारखान्यात माल तपासण्याच्या खात्यात आयुष्य गेलेलं. ते बोलायचेच नाहीत. गुड मॉर्निंगला मान हलवायचे आणि गुड इव्हनिंगला तेवढीच पुन्हा. मुलगा कॅनडात. तिसऱ्या माळ्यावरच्या बाकीच्या दोन घरांपैकी एक बंद, आणि दुसऱ्यातली नवराबायको उशिरा घरी येणारी, त्यामुळे आंटी गेल्यावर त्या माळ्यावर अंकलच उरले होते. त्यांच्यासमोर भुताचा विषय काढायची कुणाची छाती नव्हती. तुमची मिसेस आम्हाला छळते, हे कुठल्या तोंडाने सांगणार.

या सगळ्यांत घाबरण्यात पुढे होते ते सेक्रेटरी. राहतात सातव्यावर, नोकरी पवईला एका कॉम्प्युटरच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. एका संध्याकाळी ते लिफ्टमध्ये एकटेच होते, तिसऱ्यावर दार उघडलं, आणि त्यांना आंटी तळायच्या तसल्याच बोंबलांचा वास आला. त्यानंतर त्यांनी तातडीची मीटिंग बोलावली. ठराव असा झाला की माझ्या वडिलांनी रविवारी सकाळी गाऱ्हाणं घालावं आणि आंटींना हद्दीबाहेर पाठवावं. एवढं करूनही लिफ्ट थांबलीच, तर तिसऱ्या माळ्यावर कॅमेरा लावावा. भूत असलं तर गाऱ्हाण्याने जाईल आणि माणूस असला तर कॅमेऱ्यात येईल, असं सेक्रेटरी म्हणाले, आणि मला कबूल करावं लागेल की विज्ञानाच्या दृष्टीने यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं.

बाबा मूळचे मालवणकडचे. कोकणात प्रत्येक जागेला एक राखणदार असतो, म्हणजे ती जागा सांभाळणारी अदृश्य शक्ती. अडलं-नडलं की चार माणसं जमवून, नारळ ठेवून, त्याच्यापुढे गाऱ्हाणं घालायचं. एक जाणता माणूस मोठ्याने सगळं मांडतो आणि त्याच्या प्रत्येक वाक्याला जमलेले सगळे म्हणतात, व्हय म्हाराजा. आमच्या सोसायटीच्या गणपतीत बाबा वर्षानुवर्षं गाऱ्हाणं घालत आलेत. त्यामुळे बिल्डिंगमधल्या गुजरात्यांपासून मंगलोरवाल्यांपर्यंत सगळ्यांच्या जिभेला त्याचं वळण पडलंय. बाबांनी दम घ्यायला थांबावं आणि यांनी व्हय म्हाराजा म्हणावं. मधल्या शब्दांचा अर्थ कुणी विचारत नाही. फक्त एक नियम सगळ्यांना माहीत असतो, की राखणदारापुढे सगळ्यांनी मिळून व्हय म्हटलं की ते ठरलं. मागे फिरता येत नाही.

आणि त्या रविवारच्या आधीच्या गुरुवारी मी भुताला पाहिलं.

नेहमीप्रमाणे गुडघ्यांच्या भल्यासाठी जिन्याने वर येत होते. दुसऱ्या आणि तिसऱ्या माळ्याच्या मधल्या वळणावर दम खायला उभी राहिले तर अंकलचं दार उघडलं. ते पायमोज्यांवर बाहेर आले, लिफ्टपाशी गेले, कान लावून ऐकलं, बटण दाबलं आणि एवढ्या लगबगीने आत गेले की त्या वयाला शोभू नये. दार त्यांनी पूर्ण लावलं नाही. बोटभर फट ठेवली. लिफ्ट आली, दार उघडलं, आत तीन-चार माणसं भिंतीला चिकटून उभी. कुणीतरी रामरक्षा पुटपुटत होतं. काकूंचा आवाज आला, आंटी, नका हो असं करू. मग लिफ्ट गेली आणि फट तशीच राहिली. फटीतून मला अंकलचा एक डोळा दिसत होता आणि त्यांना मी.

मला पहिल्यांदा राग आला. एवढे दिवस मी सहा माळे चढत होते. मग त्यांनी दार उघडलं आणि मान खाली घातली, तेव्हा राग कुठे गेला कळलं नाही. मी वर गेले आणि बाबांना घेऊन खाली आले.

अंकलनी आम्हाला बसवलं, कॉफी केली. आंटींच्या फोटोसमोर छोटा दिवा होता. मग अंकल बोलायला लागले आणि मी त्यांना इतकं बोलताना पहिल्यांदाच ऐकलं.

"ती होती तेव्हा मला बोलावं लागायचं नाही," ते म्हणाले. "ती लिफ्टमध्ये सगळ्यांशी बोलून यायची आणि जेवताना मला सांगायची. कुणाच्या मुलाला नोकरी लागली, कुणाचं पाणी गळतंय. ही बिल्डिंग मला तिच्याकडून कळायची. आता लिफ्ट वर जाते, खाली येते. आवाज येतो. इथे कुणी उतरत नाही."

एकदा त्यांनी उगाच बटण दाबलं होतं. काय बोलायचं सुचेना म्हणून लाज वाटून आत पळाले. दार उघडलं तेव्हा लिफ्टमधलं कुणीतरी घाबरून म्हणालं, आंटी.

"फ्युनरलनंतर तिला कुणी हाक मारलेली मी ऐकली नव्हती," अंकल म्हणाले. "मला बरं वाटलं."

मला रडू आलं, आणि रडू आलं की मी चिडते. मी म्हटलं, अंकल, सरळ सगळ्यांना सांगून टाकू या, कुणी तुम्हाला खाणार नाही. तर ते म्हणाले की खाणार नाहीत पण सेक्रेटरी कॅनडाला फोन लावतील. डॅडी लिफ्टची बटणं दाबून पळतात असं मुलाला कळलं की तो पुढच्या विमानाने येईल आणि त्यांना उचलून बर्फात नेऊन ठेवील. हे घर जाईल. मग दाबू नका ना, मी म्हटलं. त्यावर ते म्हणाले की रोज सकाळी ठरवतात, पण सात वाजले की हात जातो. कॅमेऱ्याचं त्यांना कळलं होतं. नव्या ग्रुपमध्ये ते नव्हते, पण त्या ग्रुपवर चालणाऱ्या सगळ्या चर्चा लोक लिफ्टमध्येही करत होते, आणि लिफ्टचं दार रोज त्यांच्यासमोरच उघडत होतं.

बाबा सगळा वेळ कॉफी पीत होते. त्यांनी एवढंच विचारलं की आंटी लिफ्टच्या दारात पाय घालून काय काय बोलायच्या. अंकलनी आठवून आठवून सांगितलं. निघताना बाबा म्हणाले, "बघतंय मी." जिन्यात मी विचारलं, काय बघताय, तर म्हणाले, गाऱ्हाणा माझा हा, तू तुझी शाळा बघ.

रविवारी सकाळी लिफ्टसमोर पाट मांडला. नारळ, केळी, उदबत्ती, सगळं यथासांग. बाबांनी इस्त्रीचा लेंगा-सदरा घातला होता आणि खांद्यावर टॉवेल. निम्मी बिल्डिंग जमली होती, आणि उरलेली जिन्यातून वाकून बघत होती. अंकलना कुणी बोलावलं नव्हतं, पण तिसऱ्या माळ्याच्या कठड्यावरून दोन हात दिसत होते. सेक्रेटरी सगळ्यात पुढे, डोळे मिटून, हात जोडून. गाऱ्हाण्याच्या वेळी माणूस असाच उभा राहतो, आणि घोळ नेमका तिथेच होतो.

बाबांनी घसा साफ केला.

"बा देवा म्हाराजा, ह्या जाग्याच्या राखणदारा, आज ह्या बिल्डिंगीतली सगळी लेकरा एक होवन तुझ्या पायाकडे नारळ ठेवतत, तो मान्य करून घे."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

"तिसऱ्या माळ्यार आमची एक बाय होती. तिणा कोणाचा वायट केला नाय. लिफ्टीत पाय घालून ती सगळ्यांची इचारपूस करी. आमका घाई, तिका नाय."

"व्हय म्हाराजा."

हे जरा हळू आलं. काकूंनी पदर डोळ्यांना लावलेला मी पाहिला. बाबांनी मग आंटींनी कुणाकुणाला काय विचारलं होतं ते सांगायला सुरुवात केली. नावं न घेता, पण ज्याचं त्याला कळेल असं. कुणाच्या आईचा डोळा. कुणाची राहिलेली परीक्षा. कुणाच्या बायकोचं बाळंतपण चालू असताना हॉस्पिटलात नेलेला पेजेचा डबा. प्रत्येकाला व्हय म्हाराजा मिळत गेलं. बाळंतपणाच्या वाक्याला सेक्रेटरींचा आवाज मोठा झाला, कारण ती पेज त्यांच्याच बायकोने खाल्ली होती. लय लागली होती. बाबांनी आवाज जराही न बदलता पुढचं घेतलं.

"तर म्हाराजा, तिचो जीव ह्या जाग्यात रमलेलो आसा. संध्याकाळच्या वक्ताक ती लिफ्ट घटकाभर थांबयता, तर तिका थांबवू दी."

"व्हय म्हाराजा."

"आणि जो कोण त्या टायमाक लिफ्टीत आसात, त्येणा दोन शब्द बोलल्याशिवाय पुढे जावचा नाय."

"व्हय म्हाराजा."

सेक्रेटरींचं तोंड व्हय म्हणून मोकळं झालं आणि मग डोळे उघडले. ते वळून मागे बघायला लागले, दुसऱ्या कुणी काही वेगळं ऐकलं का म्हणून. तोवर बाबा पुढे गेले होते.

"तिचो घोव मागे एकटो रवलो आसा, त्येका संभाळ. काय चूकभूल झाली आसात तर ती पोटात घाल, आणि एकाचे एकवीस कर म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले, आणि बाबांनी नारळ फोडला.

सेक्रेटरी खोबऱ्याचा तुकडा हातात घेऊन बाबांकडे आले. म्हणाले, काका, आपलं पाठवायचं ठरलं होतं, ठेवायचं नाही, ठरावात तसं आहे. बाबांनी टॉवेलने हात पुसले.

"मी नुसता मागलंय," ते म्हणाले. "व्हय तुम्ही म्हटलात."

पुन्हा गाऱ्हाणं घालून दुरुस्ती करता येईल का, असंही सेक्रेटरींनी विचारून बघितलं. बाबा म्हणाले की करता येईल, पण दिलेला शब्द फिरवला तर राखणदार लिफ्टवर थांबत नाही, मग तो घराघरात शिरतो. सेक्रेटरींनी खोबरं तोंडात टाकलं. कॅमेऱ्याचा विषय तिथेच बारगळला, कारण देवाने परवानगी दिलेल्या गोष्टीवर कॅमेरा कोण लावणार.

त्या दिवसापासून आमच्या लिफ्टमध्ये जे सुरू झालं ते बघायला मी गुडघ्यांचं भलं गुंडाळून ठेवलं. तिसऱ्यावर दार उघडायचं आणि आतली माणसं एकमेकांकडे बघायची, तू बोल, तू बोल. मग कुणीतरी रिकाम्या पॅसेजला सांगायचं, आंटी, आज पाणी उशिरा आलं. आंटी, कांदे महागले. दुसऱ्या माळ्यावरचे गुजराती भाई तर वर येऊन बोलून परत खाली जायचे, कारण व्हय त्यांनीही म्हटलं होतं आणि त्यांचा माळा आधीच यायचा. एकदा काकूंनी विचारलं, आंटी, तुमच्या त्या मासळीच्या मसाल्यात काय घालायचात हो, आणि दाराच्या फटीतून उत्तर आलं, बडीशेप. काकू किंचाळल्या. मग दार उघडून अंकल बाहेर आले आणि ओशाळून म्हणाले, बडीशेप आणि थोडी खसखस, मला तेवढंच आठवतंय.

त्यानंतर ते फटीत उभे राहिले नाहीत. सातच्या सुमाराला पॅसेजमध्ये खुर्ची टाकून बसायला लागले. दार उघडलं की दोन शब्द आंटींना आणि चार अंकलना, असं आपोआप वाटप झालं. लिफ्ट थांबवतं कोण, हे कुणी विचारलं नाही. काहींना कळलं असेल. काकूंना नक्की कळलंय, पण त्या सांगतात की खुर्चीवरून हात बटणापर्यंत पोचत नाही, तेव्हा आंटीच. खाली रांग पहिल्यापेक्षा लांब लागते आणि भांडणंही पहिल्यापेक्षा जास्त होतात, हे मात्र खरं आहे.

परवा मी आणि सेक्रेटरी लिफ्टमध्ये दोघेच होतो. लिफ्ट तिसरा माळा ओलांडून सरळ वर गेली. अंकल सकाळीच मार्व्याच्या जेट्टीवरून मनोरीला गेले होते, आंटींच्या वर्षाच्या प्रार्थनेला. मला ते माहीत होतं, सेक्रेटरींनाही माहीत होतं, त्यांनीच रिक्षा करून दिली होती. मी सहाव्यावर उतरायला निघाले तर ते तसेच उभे, कपाळाला आठ्या. मग त्यांनी बोट पुढे केलं आणि तीनचं बटण दाबलं. मीही न उतरता आत थांबले. लिफ्ट खाली आली, दार उघडलं. समोर अंकलच्या दाराला कुलूप, खुर्ची भिंतीला टेकवलेली. सेक्रेटरींनी एक पाय दाराबाहेर टाकला, दुसरा आतच ठेवला, आणि घसा साफ केला.

"आंटी," ते म्हणाले, "अंकल मनोरीला गेलेत. उद्या येतील. तुम्ही काळजी करत बसू नका."